मेकफाइल कोण वाचतं?

नव्वदीत आणि त्यानंतरही बरीच वर्षं महाराष्ट्रातल्या कॉलेजांत ज्यांनी सी भाषा शिकली, त्यांतल्या बहुतेकांनी ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकली. जर्नलमध्ये प्रोग्राम लिहायचा, लॅबमध्ये तो बघून टाइप करायचा, कंट्रोल-एफ-नाइन दाबायचं, आउटपुट झर्रकन येऊन गेलं की ऑल्ट-एफ-फाइव्हने पुन्हा बघायचं. कंपाइल करणं (कोडचं मशिनच्या भाषेत रूपांतर) वेगळं, लिंक करणं (तुकडे जोडणं) वेगळं आणि चालवणं वेगळं, हे तोंडी परीक्षेपुरतं पाठ असायचं. कंपाइलच्या मेनूत 'मेक' असा एक पर्यायही होता. तो नेमकं काय बनवतो हे विचारायची वेळ कोणावर आली नाही, कारण आमचे सगळे प्रोग्राम एका फाइलचे होते. फिबोनाची, पॅलिंड्रोम, बबल सॉर्ट, संपलं.

मग नोकरी लागते, लिनक्सचं काळं टर्मिनल समोर येतं आणि प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरात 'मेकफाइल' नावाची, प्रोग्राम कसा बांधायचा हे 'मेक' या साधनाला सांगणारी एक फाइल दिसते. ती कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असते. 'मेक' टाइप करून एंटर मारला की ओळींमागून ओळी पळत जातात आणि शेवटी प्रोग्राम तयार होतो. कोड वाचायला, त्यावर वाद घालायला दहा जण असतात. मेकफाइल पूर्ण वाचलेला माणूस टीममध्ये एखादाच, आणि तो बहुधा कंपनी सोडून गेलेला असतो.

मोठ्या प्रोजेक्टांचं मी सोडून देतो, तिथे इलाज नसतो. पण स्वतःसाठी, मित्रासाठी लिहिलेल्या चार फाइलींच्या प्रोग्रामलाही लोक कुठूनतरी उचललेली दीडशे ओळींची मेकफाइल लावतात, तेव्हा मला ते सहन होत नाही. छोट्या प्रोग्रामची मेकफाइल एका दमात वाचून संपली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्यामागे नुसती नीटनेटकेपणाची हौस नाही.

माझ्यापुढे सध्या असाच एक छोटा प्रोग्राम आहे. एका मित्राकडे जुन्या दिवाळी अंकांचा मजकूर आहे, युनिकोड यायच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेला. ज्यांनी त्या काळात डीटीपी केलंय त्यांना हे दुखणं माहीत आहे. त्या फाँटांत देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. फाँट काढला की मजकुराचा कचरा दिसतो. शिवाय पहिली वेलांटी तिथे डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलट: तिथे तो अक्षरानंतर, इथे आधी. म्हणजे नुसती अदलाबदल करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. मी त्यासाठी सी भाषेत 'लिपीबदल' नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याच्या तीन फाइली: 'मुख्य' मजकूर वाचते आणि लिहिते, 'नियम' वेलांट्या आणि रफार फिरवते, 'तक्ता' कुठल्या चिन्हाचं काय होतं ते शोधून देते. तक्ता स्वतः एका साध्या टेक्स्ट फाइलीत आहे, म्हणजे मित्राला त्यात दुरुस्ती करता येते. त्या टेक्स्ट फाइलीवरून ऑक या मजकूर हाताळणाऱ्या साधनाची छोटी स्क्रिप्ट सी भाषेचं हेडर, म्हणजे बाकीच्या फाइलींना लागणाऱ्या व्याख्यांची फाइल, तयार करते. एवढाच पसारा.

आता, सी भाषेच्या कंपाइलरला आठवण नसते. एक फाइल दिली की तिची ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे मशिनच्या भाषेतला जोडायचा तुकडा, करतो आणि सगळं विसरून जातो. दुसऱ्या फाइलीशी तिचा काय संबंध, आधी काय केलं होतं, कोणती फाइल बदलली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते लक्षात ठेवायचं काम माणसाच्या डोक्यावर येतं, आणि मेकचा जन्म या डोक्याच्या मर्यादेतूनच झाला. बेल लॅब्जमध्ये १९७६ मध्ये स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे कंपाइलर लिहायला मदत करणारं 'याक' हे साधन लिहिणारे, स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत चिडून आले. त्यांची अख्खी सकाळ एका बरोबर प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. ती फाइल नव्याने कंपाइल करायची राहिली होती, त्यामुळे प्रोग्रामात जुनाच तुकडा जोडला जात होता. फेल्डमन यांचीही आदल्या संध्याकाळी तशीच गत झालेली. अवलंबित्व शोधून काढणारी एक भारी यंत्रणा करायची अशी मूळ कल्पना होती. ती आटत आटत साधी झाली आणि त्याच शनिवार-रविवारी मेक तयार झालं. त्यासाठी २००३ मध्ये फेल्डमन यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. पुरस्कार सत्तावीस वर्षांनी मिळाला, आणि तोवर जगभर हे साधन इतकं अंगवळणी पडलं होतं की ते कोणी एकाने लिहिलंय हेच अनेकांच्या ध्यानात नव्हतं.

मेकची विचार करायची पद्धत लग्नघरातल्या वडीलधाऱ्यांसारखी आहे. मुहूर्तापासून मागे मोजत यायचं. मुहूर्त अकरा चाळीसचा, म्हणजे अकराला सीमांतपूजन उरकलेलं हवं, म्हणजे दहाला वऱ्हाड हजर हवं, म्हणजे साडेआठला बस निघायला हवी. मेकला तुम्ही 'आधी हे कर, मग ते कर' असं सांगत नाही. काय हवंय आणि ते कशापासून बनतं एवढंच सांगता. इथे देवनागरीत लिहायचं तर माझी सुरुवात अशी:

लिपीबदल : मुख्य.ओ नियम.ओ तक्ता.ओ
	$(सीसी) -ओ $@ $^

डावीकडे जे हवंय ते, विसर्गासारख्या चिन्हानंतर ते ज्यांच्यापासून होतं ते. खालच्या ओळीत ते बनवायची कृती. $@ म्हणजे जे बनवायचंय ते, $^ म्हणजे उजवीकडचं सगळं. मेक काय करतं? प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ बघतं. उजवीकडची एखादी फाइल डावीकडच्यापेक्षा नवी निघाली तर कृती करतं, नाहीतर 'सगळं अद्ययावत आहे' म्हणून गप्प बसतं. फाइलीत काय आहे हे ते उघडूनही बघत नाही, सगळा भरवसा घड्याळावर. म्हणून नेटवर्कवरच्या सर्व्हरचं आणि तुमच्या मशिनचं घड्याळ जुळत नसेल तर ते 'क्लॉक स्क्यू'ची तक्रार करतं, आणि बांधणी अपुरी राहिली असू शकते असंही वर सांगतं.

या नियमांतला अर्धा भाग मेकला जन्मजात पाठ असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एखाद्या रिकाम्या फोल्डरात एकच सी फाइल ठेवा, मेकफाइल अजिबात ठेवू नका आणि 'मेक' पुढे त्या फाइलीचं नाव शेपटीशिवाय लिहा. प्रोग्राम तयार होतो. टर्बो सीपुरत्याच असलेल्या सोयी काढून टाकल्या तर आमचे जर्नलचे बहुतेक प्रोग्राम लिनक्सवर मेकफाइलची एकही ओळ न लिहिता असेच बांधता आले असते.

कृतीच्या ओळीआधीची मोकळी जागा मात्र टॅबच हवी, स्पेस चालत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यावर सगळ्या जगाने डोकं आपटून घेतलंय. फेल्डमन यांनी त्याचं कारणही मोकळेपणाने सांगितलं आहे. मजकुराचे शब्द वेगळे करणारं लेक्स नावाचं साधन तेव्हा नवंकोरं होतं, ते शिकायच्या निमित्ताने त्यांनी ते वापरून बघितलं, त्यात गुंता झाला म्हणून 'नवी ओळ आणि मग टॅब' अशी सोपी खूण ठेवून दिली. काही आठवड्यांनी त्यांच्या लक्षात आलं की हे बदलायला हवं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यातले बरेचसे मित्र. त्यांची गैरसोय नको म्हणून टॅब राहिला. बारा माणसांची भीड पडली आणि त्याची किंमत अर्धशतक लाखो माणसं मोजताहेत. ग्नू मेक, म्हणजे लिनक्सवर चालणारं मेक, तर आठ स्पेस दिसल्या की 'मिसिंग सेपरेटर' म्हणून थांबतं आणि पुढे कंसात विचारतं, आठ स्पेसऐवजी टॅब म्हणायचं होतं का? म्हणजे त्याला कळलेलं असतं. तरी ते पुढे जात नाही. पुण्यातल्या काही दुकानदारांची आठवण करून देणारा हा बाणा आहे. २०१० मधल्या ३.८२ आवृत्तीपासून टॅबऐवजी दुसरी खूण ठरवायची सोय झाली, पण ॲपल आपल्या संगणकांबरोबर २००६ ची ३.८१ आवृत्ती देत राहिलं. त्यापुढच्या आवृत्तीचा परवाना त्यांना नको होता. तेव्हा मॅकवर चालायला हवं असेल तर टॅबला पर्याय नाही.

टॅबचं रडगाणं सगळेच गातात, पण टॅब चुकला तर निदान मेक ओरडतं. ज्याबद्दल ते ओरडत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते.

वरच्या दोन ओळींमध्ये हेडर फाइलींचा उल्लेख नाही. मुख्य, नियम आणि तक्ता या तिघांनाही 'नियम.एच' लागतं, कारण एका चिन्हाची माहिती ज्या स्ट्रक्चरमध्ये ठेवायची ते त्यात सांगितलंय. समजा, त्या स्ट्रक्चरमध्ये 'हे चिन्ह रफार आहे का' असा एक रकाना वाढवला. त्याबरोबर नियम.सी ही फाइलही बदलली, म्हणून तिची ऑब्जेक्ट फाइल नवी झाली. तक्ता.सी मध्ये एक अक्षर बदललेलं नाही, म्हणून मेकच्या मते ती जुनी चालेल. आता प्रोग्रामाच्या एका तुकड्याला वाटतं एक नोंद आठ बाइटची आहे, दुसऱ्याला वाटतं बारा. लिंकर हे तपासत नाही. सी भाषेच्या ऑब्जेक्ट फाइलीत नावं असतात, त्या नावांमागचे आकार लिंकर ताडून बघत नाही. सगळं गोडीगुलाबीने जोडलं जातं आणि प्रोग्राम चालतोही. फक्त तक्त्याच्या पहिल्या नोंदीनंतर सगळी अक्षरं सरकलेली असतात. नियमांचा कोड कितीही वेळा वाचला तरी त्यात काही सापडत नाही, कारण त्यात काही चुकलेलंच नसतं. जॉन्सन यांची ती सकाळ जशीच्या तशी.

यावरचा जुना उपाय म्हणजे कुठली फाइल कुठल्या हेडरवर अवलंबून आहे ते हाताने लिहायचं. ते पहिल्या दिवशी बरोबर असतं. नंतर कोणीतरी एक इन्क्लूड, म्हणजे हेडर आत घ्यायची ओळ, वाढवतो आणि मेकफाइलीत लिहायला विसरतो. हे कंपाइलरलाच विचारलं तर? कोणकोणती हेडरं उघडली हे त्याला कंपाइल करताना माहीत असतंच. जीसीसी या कंपाइलरला 'वजा एमएमडी' असा पर्याय दिला की ऑब्जेक्ट फाइलीशेजारी एक छोटी 'डॉट डी' फाइल पडते, त्यात मेकच्याच भाषेत हे नातं लिहिलेलं असतं. मेकफाइलीच्या शेवटच्या ओळीत त्या सगळ्या फाइली वाचून घ्यायच्या. सोबत 'वजा एमपी' द्यायचं, म्हणजे एखादं हेडर पुढे काढून टाकलं तर जुन्या यादीतल्या नावावर मेक अडून बसत नाही. विसराळू कंपाइलरला निदान एक चिठ्ठी लिहून ठेवायला लावायची, एवढाच हा मामला. छोट्या प्रोग्रामच्या मेकफाइलीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी ओळ कुठली असं विचारलं तर मी हीच दाखवीन.

तयार केलेल्या हेडरची गोष्ट याहून नाजूक. तक्ता.एच हे मी लिहीत नाही, ऑक लिहितो. पहिल्यांदा बांधताना डॉट डी फाइली नसतातच, त्यामुळे कंपाइल करायच्या आधी तक्ता.एच तयार हवं हे मेकला कळायला मार्ग नाही. ते नातं एकदा हाताने लिहावंच लागतं. नाही लिहिलं तर गंमत अशी की फाइलींचा क्रम नशिबाने बरोबर पडला तर चालूनही जातं, आणि मग कोणीतरी नव्या लॅपटॉपवर 'वजा जे आठ' देऊन एकदम आठ कामं सुरू करतो तेव्हा फुटतं. दोष त्या आठ कामांचा नसतो, न लिहिलेल्या नात्याचा असतो.

आणि समजा, मित्राने तक्त्यात काहीतरी विचित्र टाइप केलं आणि ऑक मध्येच कोलमडला. शेलच्या, म्हणजे कमांडा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, पद्धतीप्रमाणे आउटपुटची फाइल ऑक सुरू व्हायच्या आधीच तयार झालेली असते. म्हणजे अर्धवट तक्ता.एच डिस्कवर आहे, आणि त्याची वेळ टेक्स्ट फाइलीपेक्षा नवी आहे. पुढच्या वेळी मेक घड्याळ बघतं आणि म्हणतं, हे तर झालेलंच आहे. यासाठी ग्नू मेकमध्ये 'डिलीट ऑन एरर' नावाचं एक खास लक्ष्य आहे. ते नुसतं एका ओळीत लिहून ठेवलं की कृती फसल्यावर अर्धवट फाइल मेक स्वतः पुसून टाकतं. हे आपोआप व्हायला हवं होतं. ग्नूचं स्वतःचं मॅन्युअलही साधारण तेच म्हणतं, पण जुन्या सवयी सांभाळायच्या म्हणून ते मागावं लागतं. पुन्हा भीड.

जाता जाता एक: मेकला नावातल्या स्पेस नीट झेपत नाहीत, कारण स्पेस आली की त्याच्या दृष्टीने दुसरी फाइल सुरू होते. पण फाइलींची नावं देवनागरीत असली तर लिनक्सवर त्याला काही फरक पडत नाही. ते बाइट बघतं, लिपी नाही. 'माय प्रोग्राम' असं दोन शब्दांत लिहिणाऱ्याची पंचाईत होते, 'लिपीबदल' बिनबोभाट चालतं.

माझी भाची इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मिनी-प्रोजेक्टात चार सी फाइली. मध्यंतरी ती लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, मेकफाइल एआयकडून करून घेतली. चालते, पण एक ओळ बदलली की सगळंच पुन्हा कंपाइल होतं."

"कशामुळे?"

"तेच तर तुला विचारतेय ना!"

मेकफाइल नव्वदेक ओळींची होती. रंगीत अक्षरांत संदेश छापायची सोय होती, ऑपरेटिंग सिस्टिम ओळखायची सोय होती, तीन तऱ्हेच्या बांधण्या होत्या, मदतीचा मजकूर होता. फोल्डर तयार करायचा नियम प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीच्या उजवीकडे साध्या अवलंबनासारखा लिहिला होता. फोल्डरात नवी फाइल पडली की फोल्डरचीही वेळ बदलते, म्हणून मेकला दर वेळी सगळंच जुनं वाटत होतं. एक उभी रेघ टाकून ते नातं 'आधी असायला हवं, पण वय बघू नका' अशा प्रकारचं करता येतं. तिला ते दाखवलं. मग आम्ही एकेक ओळ घेऊन 'ही काय करते' असं विचारत गेलो आणि तिला जिचं उत्तर देता आलं नाही ती काढत गेलो. शेवटी बारा-तेरा ओळी उरल्या. तिला ते फारसं रुचलं नाही. "पण मामा, आता ती एकदम साधी दिसते. सरांना वाटेल मी काहीच केलं नाही." व्हायव्हामध्ये त्या नव्वद ओळींवर प्रश्न आला असता तर काय केलं असतंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मेकफाइलवर कोण प्रश्न विचारतं?"

खरंय तिचं, कोणीच विचारत नाही. याच गोष्टीवर कोणीतरी मोठा डाव लावला होता, तो मार्च २०२४ मध्ये उघडकीला आला.

एक्सझेड ही फाइली आकुंचित करणारी एक छोटी, जुनी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असलेली लायब्ररी. तिची देखभाल लासे कॉलिन हा एकच माणूस मोकळ्या वेळात करत आलेला. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं नेकीने मदत करून त्याचा विश्वास मिळवला, हक्क मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. तो सी भाषेच्या कोडमध्ये शोधून सापडला नसता. त्याचा मसाला 'चाचणीसाठीच्या बिघडलेल्या फाइली' म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींत होता, आणि तो बाहेर काढून जोडायची सुरुवात करणारी ओळ बांधणीच्या एका एम-फोर फाइलीत होती. ती बदललेली एम-फोर फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदी ठेवणाऱ्या साठ्यात, नव्हतीच, फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांसाठीच्या गठ्ठ्यात, होती. ऑटोकॉन्फ (बांधणीआधी मशिनवर काय काय आहे ते तपासणारं साधन) वापरणाऱ्या टारबॉलमध्ये आपोआप तयार झालेल्या हजारो ओळी असतातच, त्या गिटशी जुळत नाहीत हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. बांधणी चालू असताना ती स्क्रिप्ट आधी बघायची की हे एक्स-८६ चं ६४ बिटी लिनक्स आहे ना, जीसीसी आहे ना, डेबियन किंवा आरपीएमचं पॅकेज बनतंय ना. तसं असेल तरच ती मसाला बाहेर काढायची. आपल्या घरी सहज बांधून बघणाऱ्याच्या हाती काहीच लागू नये, अशी ती सोय.

सापडलं कसं? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियन या लिनक्सच्या अस्थिर आवृत्तीवर एसएसएचचं, म्हणजे चोरदरवाजा ज्यात उघडायचा त्या दूरच्या मशिनवर शिरायच्या सोयीचं, लॉगिन जवळपास अर्ध्या सेकंदाने रेंगाळताना दिसलं. अर्धा सेकंद. ते स्वस्थ बसले नाहीत, खणत गेले आणि २९ मार्चला त्यांनी जगाला कळवलं. ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण तिच्यातला एक बारीक तुकडा मला मुख्य कटाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याच एक्सझेडमध्ये सीमेक या दुसऱ्या बांधणीच्या साधनासाठीचीही फाइल होती. प्रोग्रामाला कुंपणात ठेवणारी लँडलॉक नावाची सोय या लिनक्सवर आहे का, हे ती एक छोटा तुकडा कंपाइल करून तपासायची. त्या तुकड्यात एका ओळीवर कोणीतरी एक टिंब टाकून ठेवलं होतं. टिंबामुळे तुकडा कधीच कंपाइल व्हायचा नाही, म्हणजे 'सोय नाही' असा निष्कर्ष, म्हणजे कुंपण बंद. कुठलीही तक्रार नाही, इशारा नाही. अशा तपासण्यांत अपयश हेच एक वैध उत्तर असतं, आणि त्याची कारणं कोणी बघत नाही. 'जिया टॅन'नेच केलेल्या बदलातलं ते टिंब कॉलिन यांनी प्रकरण उघड झाल्यावर काढून टाकलं.

एक टिंब वाचणाऱ्याच्या नजरेत यायला हवं असेल तर त्याच्या आसपास किती ओळी असाव्यात? माझ्या बारा ओळींच्या आग्रहामागे हे आहे.

याचा अर्थ ऑटोकॉन्फ किंवा सीमेक लिहिणारे मूर्ख होते असा नाही. १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ आलं तेव्हा प्रत्येक युनिक्सची तऱ्हा वेगळी होती, कुणाकडे हे हेडर नाही, कुणाकडे ते फंक्शन नाही. ती अडचण खरी होती. आज माझ्या लिपीबदलला यातलं काय लागतं? प्रमाणित सी भाषा, एवढंच. तपासायला काही उरलेलंच नसताना 'चेकिंग फॉर'च्या शंभर ओळी पळवण्यात अर्थ नाही. रिओतून आलेली लुआ भाषा बघा, पूर्ण भाषा आहे, पण तिची मेकफाइल हाताने लिहिलेली आणि वाचता येणारी. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस लिहिणारे त्याहून पुढे गेले. त्यांच्या शंभराहून अधिक फाइली एकत्र करून ते दोन लाखांहून जास्त ओळींची एकच सी फाइल देतात. ती आपल्या प्रोग्रामात टाकायची आणि कंपाइल करायची, बांधणीची फाइलच नको. कंपाइलरला सगळं एकदम दिसत असल्यामुळे प्रोग्राम थोडा वेगवानही होतो.

सीमेकची फाइल छोट्या प्रोग्रामाला तीन ओळींची पुरते, हे मान्य. पण २०२५ च्या मार्चमध्ये सीमेक ४.० आलं, त्याने ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी जुळवून घेणं सोडलं, आणि पहिल्या ओळीत जुना आकडा असलेले कितीतरी छोटे प्रोजेक्ट, ज्यांना वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता, ते बांधायचे थांबले. टॅबची भीड न मोडणाऱ्या मेकबद्दल मला त्या दिवशी थोडी माया वाटली. भीड ठेवायची की मोडायची, याला दोन्हीकडून किंमत आहेच. दिवाळी अंकाचा मजकूर दहा वर्षांनी पुन्हा बदलायची वेळ आली तर मला ती किंमत टॅबच्या रूपात द्यायला आवडेल.

रस्ट आणि गो या भाषांत लिहिणारे तरुण सहकारी हे सगळं ऐकून हसतात. रस्टच्या कार्गो या बांधणीच्या साधनाला सांगायचं आणि मोकळं व्हायचं. कंपाइलरला आठवण असली की मेकफाइल लागत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. फक्त कार्गोतही बांधणीच्या वेळी हवा तो कोड चालवू देणारी 'बिल्ड डॉट आरएस' फाइल असते. तीही कोणी वाचत नाही.

मेकच्या आठवणीला आणखी एक भोक आहे, आणि लिपीबदलमध्ये सध्या मी तेच बुजवतोय. कंपाइलरला दिलेले पर्याय बदलले, म्हणजे ऑप्टिमायझेशन काढलं, मेमरीच्या चुका पकडणारा सॅनिटायझर लावला, तर मेकच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. फाइलींच्या वेळा त्याच. डीडब्ल्यूएम हा खिडक्या सांभाळणारा छोटा प्रोग्राम, दोनेक हजार ओळींचा, यावर सरळ तोडगा काढतो. त्याची सेटिंग्ज एका हेडरमध्ये असतात आणि बांधणीचे पर्याय एका वेगळ्या छोट्या फाइलीत. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल या दोन्हींवर अवलंबून आहे असं त्याच्या मेकफाइलीत एका ओळीत लिहिलंय. सेटिंग बदला, पर्याय बदला, सगळं नव्याने बांधलं जातं. हेडर नसेलच तर मूळ नमुन्याची प्रत करून घ्यायचा नियमही शेजारी आहे. कॉन्फिगरेशनसाठी यापेक्षा मोठी यंत्रणा छोट्या प्रोग्रामाला लागते असं मला वाटत नाही.

मी तसंच केलं होतं. पण मित्राच्या प्रेसमध्ये विंडोज आहे. मेकफाइलीत कंपाइलरचं नाव एका व्हेरिएबलमध्ये असल्यामुळे लिनक्सवरूनच 'मेक' पुढे मिनजीडब्ल्यूचा कंपाइलर दिला की विंडोजची ईएक्सई तयार होते. कमांडवर दिलेलं मूल्य फाइलीतल्या मूल्याला मागे टाकतं, फाइलीला हात लावायला नको. आणि फाइलीला हात लागत नाही म्हणूनच डीडब्ल्यूएमचा तोडगा इथे लागू पडत नाही. लिनक्ससाठी बनलेल्या जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच पडून असतात, मेक त्यांना ताज्या समजतं, आणि विंडोजचा लिंकर त्या बघून गोंधळतो. दर वेळी आधी 'क्लीन' करणं हा एक उपाय, पण तो पुन्हा माझ्या आठवणीवर टाकलेला. म्हणून आता दोन्हींच्या ऑब्जेक्ट फाइली दोन वेगळ्या फोल्डरांत जातात, फोल्डराचं नाव कंपाइलरच्या नावावरून ठरतं, आणि भाचीला दाखवलेली ती उभी रेघ माझ्याही मेकफाइलीत आली. ओळी बारावरून पंधरा झाल्या. मित्राला ईएक्सई पाठवली आहे. तक्त्यातल्या 'श्र' आणि 'त्र'च्या दुरुस्त्या त्याच्याकडून यायच्यात.